जेवल्यावरची गोळी

सक्करदऱ्याच्या तलावाकाठी रोजची फेरी मारता मारता नत्थूजी खाली बसले, ते पुन्हा उठलेच नाहीत. नवरात्रातली अष्टमी होती. सोबतच्या तिघांनी आरडाओरड करून सायकलरिक्षा थांबवली, त्यात त्यांना कसंबसं घातलं, पण दवाखान्याच्या दारातच डॉक्टरांनी मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून त्या तिघांचं चालणं बंद झालं.

चौघंही एकाच दुखण्याचे सोबती. चौघांनाही वर्षा-दीड वर्षात हार्ट अटॅक येऊन गेलेला, आणि चौघांनाही खाटेवरून उठवून चालायला लावलं होतं ते प्रेमिला गजभियेनं. प्रेमिला तिथल्या आरोग्य केंद्राची नर्स, घरोघर फिरणं हेच तिचं काम. अटॅकमधून वाचलेल्या माणसाचं घरचे काय करतात हे तिनं पुरतं पाहिलं होतं. त्याला खाटेवर बसवतात, पाण्याचा गडवा हातात देतात, येणारे-जाणारे ‘आता सांभाळून राहा’ म्हणत त्याच्याच घरचा चहा पिऊन जातात, आणि चांगला धडधाकट माणूस बसल्याजागी निकामी होतो. बायका डोळ्यांत पाणी आणून सांगायच्या, ‘बाई, यायले चालवू नोका.’ प्रेमिलाला रागही यायचा आणि कीवही. शेवटी घसा कोरडा करून तिनं या चौघांना तलावाकाठी आणलं होतं.

त्यात नत्थूजी सगळ्यांत पक्के. वाडीच्या ट्रान्सपोर्ट गोदामात मुकादम होते, हमालांवर ओरडायची सवय, ती इथं कामी आली. सकाळी दारोदार जाऊन ते बाकीच्यांना हाका मारायचे. ‘ऊठ गा कवडू, झोपून झोपून बी मरतेच मानूस!’ असा माणूस चालतानाच गेला. वर्षभराच्या मेहनतीवर पाणी फिरलं होतं.

प्रेमिला आनंदरावांकडे गेली. आनंदराव त्या तिघांतले, शाळेतले निवृत्त कारकून, बोलणं मोजून-मापून. त्यांनी तिला बसा म्हटलं नाही.

“बाई, नत्थूजी चालून चालून गेले. आता आमालेबी त्यायच्या मागं धाडता का?”

कवडूजी आणि लहानूजी भर दुपारी पांघरूण घेऊन पडले होते. कवडूजींच्या सुनेनं तर दारातूनच सांगितलं, “ते झोपून राहिले जी,” आणि आतून कवडूजींचा खोकला ऐकू आला.

हे तिघं असेच पडून राहिले तर काय होईल हे प्रेमिलाला ठाऊक होतं. पण नत्थूजी का गेले, हे तिला कळत नव्हतं. त्यांचं बीपी चांगलं होतं, दमही लागत नव्हता. अष्टमीच्या चार दिवस आधी ती त्यांना भेटली होती. ‘उपास चालू आहे’ म्हणाले, तेव्हा तिनं तळलेलं खाऊ नका, मीठ कमी घ्या, एवढं बजावलंही होतं. मग बिघडलं कुठं? ती नत्थूजींच्या घरी गेली.

त्यांची बायको कौसल्याबाई ओसरीत बसली होती. प्रेमिलाला पाहून तिनं सतरंजी टाकली. रडून रडून चेहरा सुजला होता, तरी बोलण्यात कुठं राग नव्हता. प्रेमिलानं हळूच गोळ्यांचं विचारलं. कौसल्याबाईनं फडताळातून बाटली काढून दिली. ती जवळजवळ भरलेली होती.

“ही संपायला पाहिजे होती,” प्रेमिला म्हणाली.

“घट बसले तवापासून नाही देल्ली ना जी. नवस होता माह्या. हे दवाखान्यातून उठून घरी आले तं दोघंबी नऊ दिवस उपास धरू, असं म्हनलं होतं देवीले. मंग उपासात गोळी कशी देईन? तुमीच सांगतलं होतं, जेवल्यावरच द्यायची, उपाशीपोटी द्यायची नाही म्हनून. हे मांगत होते, पन मीच नाही देल्ली.” ती थोडी पुढं सरकली. “मी तुमच्या शब्दाबाहेर नाही गेली बाई. बरोबर केलं ना मी?”

त्या गोळ्या एकदम बंद केल्या तर हृदय उसळी मारतं, जीवही जाऊ शकतो, हे प्रेमिला नर्सिंगच्या पुस्तकात शिकली होती. म्हणून तर ती प्रत्येकाला सांगायची, आपल्या मनानं गोळी बंद करू नका. पण कौसल्याबाईनं आपल्या मनानं काही केलंच नव्हतं. ‘उपाशीपोटी नाही’ हे वाक्य प्रेमिलानं किती घरांत सांगितलं असेल! उपास आला तर काय करायचं, हे एकाही घरी सांगितलं नव्हतं. सुचलंच नव्हतं. छप्पन साली तिच्या बापानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हापासून त्यांच्या घरी उपास-तापास उरलेच नव्हते. नत्थूजी भेटले तेव्हाही तेलाचं बजावलं, मिठाचं बजावलं, गोळीचं विचारलं नाही.

“तुमचं काही चुकलं नाही,” एवढंच ती म्हणाली आणि चपला घालून बाहेर पडली. ते खरंच होतं, पण पुढचं अर्धं तिनं गिळलं.

रस्ताभर ती स्वतःशी भांडत होती. खरं सांगितलं तर तिघंही म्हणतील, हिच्याच सांगण्यानं माणूस गेला. मग ना ते चालतील, ना गोळ्या घेतील. आणि कुणीतरी हेही म्हणेलच, की हिले काय कळते आपल्या उपासातलं. त्या वाक्याची तिला जास्त भीती वाटत होती. नोकरीत लागल्यापासून एकेका उंबऱ्यावर पाय ठेवताना तिनं जे कमावलं होतं ते सगळं त्या एका वाक्यानं जाणार होतं.

आनंदरावांना तिनं सांगितलं, “चालण्यानं नाही गेले ते. त्यांच्या गोळ्या बंद होत्या.”

“कोनं बंद केल्या?”

“घरीच बंद झाल्या.”

यात खोटं काही नव्हतं. दसरा होऊन चार दिवस झाले आणि तिघंही तलावावर हजर झाले. पहिल्या सकाळी भीत भीत चालले, मग कवडूजींनी तंबाखूची चिमूट तोंडात टाकली म्हणून लहानूजी त्यांच्यावर खेकसले. सगळं पूर्ववत होतंय असं प्रेमिलाला वाटलं.

पण तिकडं वस्तीत ‘गोळ्या घरीच बंद झाल्या’ हे बोलणं पसरलं होतं. नत्थूजींची बहीण यमुताई तेरवीसाठी उमरेडहून आली होती. तिनं चारचौघांत भावजयीला विचारलं, “माह्या भावाच्या गोळ्या काहून बंद केल्या वं तू? तुले तुह्या नवस मोठा झाला?” कौसल्याबाई सांगत राहिली, नर्सबाईनंच तसं सांगितलं होतं. कुणी विश्वास ठेवला नाही. नर्सबाई असं कशी सांगेल? नळावर ती आली की बायका आपापल्या पाण्याच्या गुंड्या बाजूला ओढून घेत. प्रेमिलानं हे एकदा डोळ्यांनी पाहिलं आणि मान खाली घालून पुढच्या गल्लीत वळली. त्या दिवशी तिला स्वतःची किळस आली. उद्या सांगू, उद्या सांगू, असं करत तिनं आठवडा काढला.

मग एका सकाळी कौसल्याबाईच तलावावर आली. तेरवी होऊन दोन दिवसही झाले नव्हते, ती घराबाहेर पडली म्हणून लोक नावं ठेवणार होते, पण आता तिला त्याचं काही उरलं नव्हतं. ती वाटेत आडवी उभी राहिली. तिघंही थबकले, त्या दिवशी सोबत आलेली प्रेमिलाही.

“बाई, यायले सांगा,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “तुमी मले का सांगतलं होतं ते सांगा. माही ननंद म्हनते मी मारलं. तुमी सांगा.”

प्रेमिलानं तिच्याकडं पाहिलं. ती म्हणाली, “मी सांगितलं होतं. गोळी जेवल्यावरच द्या, उपाशीपोटी देऊ नका, असं मीच सांगितलं होतं. उपासाच्या दिवशी काय करायचं ते सांगायचं मला सुचलं नाही. कौसल्याबाईंनी माझंच ऐकलं. हे तुम्हाला त्याच दिवशी सांगायला पाहिजे होतं. मी घाबरले.”

आनंदरावांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला.

“मंग बाई, आमाले आनखी का का सांगायचं राह्यलं तुमचं?” त्यांनी विचारलं. आवाज थंड होता. “आता भरवसा कशावर ठेवावा मानसानं?”

आता हे तिघं वळून घरी जातील आणि पुन्हा कधी दार उघडणार नाहीत, असं प्रेमिलाला वाटलं. तेवढ्यात कवडूजींनी घसा खाकरला.

“एकादशीले मीबी नाही घेत,” ते म्हणाले.

“काय?” प्रेमिलानं विचारलं.

“गोळी. एकादशीले नाही घेत. दोन एकादश्या पडते महिन्यात. अन् अंगारकी.”

लहानूजी जमिनीकडं पाहत होते. “सोमवारी मीबी नाही घेत जी. शनवारीबी नाही. शनवार मारुतीचा राह्यते.”

प्रेमिला गप्प राहिली असती, तर हे दोघंही तिच्या डोळ्यांदेखत असेच गेले असते, आणि तेव्हाही तिनं कुणाच्या तरी बायकोकडं बोट दाखवलं असतं. आनंदराव उपास करत नसत, पण तेही आता मटकन काठावर बसले.

कौसल्याबाई सगळं ऐकत उभी होती. पदर तोंडाशी धरून तिनं एकेकाकडं पाहिलं आणि मग प्रेमिलाकडं वळली.

“मंग उपासाले कशी द्यायची असते जी?”

प्रेमिलाला सांगवेना. पण तिघंही तिच्या तोंडाकडं बघत होते, त्यांना ते ऐकायलाच हवं होतं.

“दुधासोबत,” ती म्हणाली. “कपभर दूध प्यायचं, वरून गोळी घ्यायची.”

कौसल्याबाईनं पदर खाली घेतला.

“दूध तं पेत होते ते,” ती म्हणाली. “दोन्ही टाइम पेत होते.”