पुसायचे राहून गेलेले वाद्य

मी एक जुने वाद्य आहे, मित्रांनो. मात्र बरीच वर्षे कपाटाच्या माथ्यावर काढल्यामुळे माझी माणसांपेक्षा छताशीच जास्त ओळख आहे.

माझ्यासारखे वाद्य तुम्ही कदाचित पाहिले नसेल. दोन उथळ पोलादी घमेली तोंडाला तोंड लावून चिकटवली तर जसे दिसेल, तसे मी दिसते. मधोमध एक उंचवटा, त्याच्या भोवतीने चपटे खळगे आणि पोटाला हाताचा पंजा जाईल एवढे भोक. प्रत्येक खळग्यात एक स्वर राहतो. मला काठीने मारायचे नसते. मांडीवर घेऊन बोटांनी वाजवायचे असते.

मला घडवणारा माणूस पत्र्याचे काम करायचा. नरसाळी, धुराची नळकांडी, टाक्यांची झाकणे. दिवसभर ठोकाठोक चाले, म्हणून गल्लीत त्याला ठोक्या म्हणत. त्याचे दुकान पुढे आणि घर मागे होते. मधले दार कधीच लावलेले नसे, कारण त्याच्या बायकोला काम करता करता त्याच्याशी बोलायचे असे. हातोडीच्या आवाजावर बोलायचे म्हणजे ओरडावेच लागे. त्यामुळे त्या घरातली एकही गोष्ट गल्लीला कळायची राहिली नाही.

एकदा टाकीचे झाकण ठोकताना वाकडे गेले. त्याने ते वैतागून कोपऱ्यात भिरकावले. बायको आतून ओल्या हातांनीच धावत आली.

"काय पाडलंत?"

"झाकण. वाया गेलं."

"परत पाडा."

"वेड लागलंय का तुला?"

"अहो, पाडा म्हणते ना!"

त्याने पाडले. तिने ते उचलून मांडीवर घेतले आणि बोटाने टिचक्या मारत मारत एका जागी थांबली.

"ऐका," ती म्हणाली. "इथं आहे बघा."

तिथे खरोखरच एक स्वर होता. बारीक, पण स्वच्छ. मित्रांनो, तोच माझा जन्म.

त्याने त्या झाकणाला खालून दुसरे, भोकाचे झाकण जोडले. पुढचे कितीतरी महिने, गिऱ्हाइकांची कामे उरकली की दोघे माझ्यापाशी बसत. तो मला भट्टीत तापवी, गार करी, आतून-बाहेरून लहान हातोडीने ठोकी. पोलादाचा एक स्वभाव आहे. एका स्वराची जागा नीट केली की शेजारचा स्वर बिघडतो. घरातल्यासारखेच ते. एकाची समजूत काढावी, तर दुसरा रुसून बसतो. ती कधी "चांगलं झालं" म्हणाली नाही की "वाईट झालं" म्हणाली नाही. बोटाने वाजवायची आणि म्हणायची, "ऐका." मग त्याला आपोआप कळे आणि तो पुन्हा हातोडी उचली.

सगळे स्वर जागेवर आले. एक मात्र आला नाही. कडेजवळचा, सर्वांत खालचा. उमटे छान, पण विझता विझता किंचित डुले.

दुकानात येणारा प्रत्येक जण मला पाहून थबके. "हे काय, कासव पाळलंय?" एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, "दोन कढयांचं लग्न लावलेलं दिसतंय." ठोक्या हसून बायकोकडे बोट दाखवी. "नाव ती ठेवणार आहे. तिला विचारा." ती म्हणे, "घाई कसली? तो एक डुलरा स्वर बसू दे जागेवर, मग ठेवू."

म्हणून मी बिननावाचेच वाजू लागले. संध्याकाळी ती पायरीवर बसून मला वाजवी. समोरचा शिंपी शिलाई यंत्रावरचा पाय थांबवून ऐके. रडणारी मुले गप्प होत. एकदा शाळेतल्या कार्यक्रमात मला मानाने नेले. तिथल्या बाईंनी विचारले, "फळ्यावर याचं नाव काय लिहू?" ती म्हणाली, "वाद्य लिहा. खोटं नाही ते." लोकांनी खूप टाळ्या वाजवल्या. खोटे कशाला बोलू, मला थोडा गर्वही झाला.

वाजवून झाले की ती मऊ फडक्याने मला पुसे आणि तेलाचे बोट फिरवी. तिने कधीही हे चुकवले नाही. माणसाच्या घामात मीठ असते आणि पोलादाला ते सोसत नाही.

मग ती आजारी पडली. एका दुपारी तिने मला अंथरुणावरच मागून घेतले आणि थोडेसे वाजवले. तेवढ्यानेही तिला घाम फुटला.

"आज तुम्ही पुसा हं," असे म्हणून ती उशीला टेकली.

"हो," तो म्हणाला. पण तेवढ्यात तिला धाप लागली आणि धावपळ उडाली. त्या दिवशी ती घरातून गेली, ती परत आलीच नाही. तो परतला तेव्हा त्याच्या हातात एक पिशवी होती आणि पिशवीत तिच्या चपला होत्या.

काही दिवसांनी त्याने मला पुसायला फडके घेतले. खिडकीतून तिरके ऊन येत होते. त्या उन्हात माझ्या अंगावर तिच्या बोटांचे ठसे दिसले. एकेक बोट वेगळे ओळखू येत होते. त्याचा हात तिथेच थांबला. फडके त्याने खाली ठेवले. तिच्या तपकिरी स्वेटरमध्ये मला गुंडाळले आणि कपाटावर चढवले. दुकान आणि घर यांच्यामधले दारही तेव्हापासून लावलेले राहू लागले.

अधूनमधून तो मला खाली काढी, स्वेटर उलगडी आणि नुसते बघत बसे. ठसे पुसट होण्याऐवजी दिवसेंदिवस गडद होत होते. "आहेत अजून," तो स्वतःशीच म्हणे आणि मला पुन्हा झाकून ठेवी. पत्र्याचे काम करण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला गंज ओळखू येऊ नये? येत होता. पण जे बघायचे नसते, त्यावर डोळे टिकत नाहीत. ज्या ठशांसाठी त्याने मला जपले, तेच ठसे मला खात होते. मला ओरडून सांगावेसे वाटे. पण वाजवल्याशिवाय वाद्याला कुठले तोंड? वर धूळ होती, छत होते आणि मी होते. खाली तो एकटा जेवायचा. एका ताटाचा आवाज फार लहान असतो, मित्रांनो.

एके दिवशी तिची थोरली बहीण आली. तिला तो ताई म्हणे. ताईचे बोलणे म्हणजे सुईचे टोक.

"भावोजी, तो तपकिरी स्वेटर मला द्या. मी विणलेला आहे, माझ्या हातचा," असे म्हणत तिने स्टुलावर चढून मला खाली घेतलेसुद्धा.

"ताई, सोडू नका तो! हात लावू नका!"

तोवर स्वेटर सुटला होता. ताई बघतच राहिली.

"हे काय करून ठेवलंत?"

"तिची बोटं आहेत त्याच्यावर."

"बोटं नाहीत हो, गंज आहे. तुम्हाला मी सांगायचं?"

ताईचा आवाज जरा खाली आला.

"तिनं बघितलं असतं तर काय म्हणाली असती?"

त्याने ठशांवर हात ठेवला. मग तो म्हणाला, "फडकं कुठंय, म्हणाली असती." आणि थोड्या वेळाने, "मला पुसायला सांगितलं होतं तिनं. मी हो म्हणालो होतो."

ताई स्वेटर न घेताच आत गेली आणि तिने चहाचे आधण ठेवले.

त्याने फडके आणले. सगळे एकदम पुसले नाही. एक ठसा पुसायचा, थांबायचा, मग दुसरा. अंगठ्याचा ठसा सर्वांत शेवटी. फडके तांबडे झाले होते. तेल लावून झाल्यावर त्याने एकेक स्वर वाजवून पाहिला. दोन स्वर गंजाने दबले होते. त्याने हातोडी घेतली आणि हलक्या हाताने ठोकू लागला.

"ताई, आता बरोबर आहे का?"

"मला मेलीला दोन्ही सारखेच वाटतात. तुमचं तुम्हीच ऐका."

मग त्याचे त्यानेच ऐकले. पुष्कळ वेळ लागला, पण ते दोन स्वर उठले. शेवटी तो डुलऱ्या स्वराशी आला. त्याने वाजवला. तो उमटला आणि विझता विझता, पूर्वीसारखाच, डुलला. त्याने उचललेली हातोडी परत ठेवून दिली.

"हा असाच राहू दे," तो म्हणाला. "आणि नावही आता ठेवून टाकू. ती दर वेळी म्हणायची ना, ऐका. तेच याचं नाव."

तर मित्रांनो, माझे नाव ‘ऐका’ आहे. नाव उशिरा मिळाले आणि जिने ठेवायचे, तिला ते ऐकता आले नाही. त्याचे मला वाईट वाटते. माझ्या अंगावर अजून फिकट डाग आहेत. ते जायचे नाहीत. तो काही तिच्यासारखा वाजवत नाही. त्याची बोटे जाड आहेत.

तुमच्याही घरात कोणाची तरी मागे राहिलेली वस्तू असेल. ती गुंडाळून ठेवू नका. तिला हात लावा, तिच्याकडून काम घ्या आणि काम झाल्यावर पुसून ठेवा. पुसण्याने माणूस जात नसतो.

मधले दार आता उघडे असते. संध्याकाळी तो पायरीवर बसतो आणि सर्वांत शेवटी तो खालचा स्वर वाजवतो. त्याचे डुलणे थांबेपर्यंत हात वर धरून बसतो. मग फडके घेतो.