कोरा रकाना

गौतमीने ओढ्यावरच्या मोरीपाशी सायकल थांबवली, स्टँडवर लावली आणि कठड्यावर बसलेल्या माणसासमोर जाऊन उभी राहिली.

"काय लिवताय रोज?"

माणसाने मांडीवरची वही मिटली. पस्तिशीचा असेल. डोक्याला मफलर, पायाशी पाण्याची बाटली.

"ऑफिसचं काम आहे, ताई."

"मग वही मिटली कशाला?"

कोरेगाव भीमाहून सणसवाडीच्या एका कारखान्यात पॅकिंगला जाणाऱ्या अकरा बायकांनी त्याला सोमवारी लांबूनच पाहिले होते. रस्त्याने सायकल गेली, की तो मान वर करायचा आणि काहीतरी टिपायचा. कुणी म्हणाले, कंत्राटदाराचा माणूस आहे, कोण उशिरा येते ते लिहितो. त्यांच्यातल्या पिंकीला खात्री होती, आपल्यावर नजर ठेवायला सासऱ्यानेच त्याला बसवलंय. मागच्या साली अशाच कुजबुजीवरून एका पोरीचे काम सुटले होते. म्हणून मोरीच्या अलीकडच्या वळणावर सगळ्या खाली उतरायच्या आणि सोपानरावांच्या उसातल्या बांधाने जायच्या. येतानाही तसेच.

बुधवारी त्या बांधावर कुणीतरी मागून करुणाची ओढणी ओढली. ती सायकलसकट सरीत पडली. पाचट तुडवल्याचा आवाज लांब गेला. माणूस दिसला नाही. कारखान्याच्या नळावर हातपाय धुताना ती गौतमीला एवढेच म्हणाली, "घरी कुणाला सांगू नको. काम बंद करतील."

म्हणून आज गौतमी सगळ्यांच्या आधी निघून सरळ रस्त्याने आली होती.

माणसाने तिच्याकडे पाहिले आणि वही उघडून पुढे धरली.

"सायकली मोजतोय. ज्ञानदेव नाव माझं. पुण्याच्या ऑफिसनं रोजावर लावलंय. कडेनं सायकलींसाठी वेगळी पट्टी करायचीय, दिवे लावायचेत. बायका जिथं जास्त, तिथं आधी."

"नावं लिवता?"

"नावं कशाला? माणसामागं एक रेघ."

गौतमी वाकली. एका रकान्यात पाच-पाच रेघांच्या जुड्यांनी पान भरले होते. शेजारचा रकाना कोरा होता.

"ह्यो कुणाचा?"

"बायकांचा. चार दिवसांत एकसुद्धा नाही. साहेब म्हणाले, मग इथं दिव्यांचं काय काम?"

तिने त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवले.

"अकरा जणी हाय आम्ही. अकरा लिवा."

"दिसलं तेवढंच लिहायचं असतं, ताई. खोटं लिहिलं तर मला काढतील."

"मग उद्या लिवा."

"आज शेवटचा दिवस आहे."

गौतमीने सायकल फिरवली. वळणावर बाकीच्या दहा जणी उभ्या होत्या. त्यांनी सगळे पाहिले होते.

"त्यो नुसता मोजतोय," ती धापा टाकत म्हणाली. "दिवे लावायचेत रस्त्याला. आपण दिसलो तरच लावतील. चला समद्या रस्त्यानं, आजच."

"तुला बरं सांगितलं त्यानं," पिंकी म्हणाली. "वहीत वाकून काय बघत व्हतीस? आमची नावं दिली व्हय?"

"अगं, नावं न्हाईतच! रेघा हायत नुसत्या."

सगळ्यांत मोठ्या चांगुणामावशींनी मनगटावरचे घड्याळ पाहिले.

"तुझ्यावर इस्वास हाय गं," त्या म्हणाल्या. "पर त्याच्यावर कसा ठिवायचा?"

त्यांनी हँडल वळवले आणि बांधावर सायकल घातली. त्यांच्यामागे पिंकी, पिंकीच्या मागे इतर.

करुणा शेवटी राहिली. तिने ओढणी कमरेला करकचून बांधली होती. गौतमीने तिच्याकडे पाहिले. तिने मान वर केली नाही. घंटीवर अंगठा नुसता ठेवून ती दोन पावले चालली, मग सीटवर बसली आणि बाकीच्यांमागे उसात शिरली.

गौतमी एकटीच मोरीवर आली. ज्ञानदेवने एक रेघ ओढली, मग तिच्या मागे रिकाम्या रस्त्याकडे पाहिले.

"बाकीच्या?"

तिने सायकल न थांबवता उसाकडे हात केला.

ज्ञानदेव कठड्यावर चढून उभा राहिला आणि हात कपाळाला लावून बराच वेळ तिकडे बघत राहिला. ऊस पुरुषभर वाढला होता. आतल्या सायकली रस्त्यावरून दिसत नव्हत्या.