शेवटच्या रात्रीचं रॉकेट

"उलटी मोजणी थांबवा," डेल म्हणाला, आणि लोरेनने कानावरचा हेडफोन काढून टेबलावर आपटला.

"आता काय?"

"विमान. फेअरबँक्स शहरातून उत्तरेला वरच्या गावी निघालंय, रॉकेटच्याच वाटेने, पेशंट आणायला. ते परत येईपर्यंत रॉकेट सोडता यायचं नाही."

भिंतीवरच्या पडद्यावर ध्रुवप्रकाशाचे ठिपके उघडझाप करत होते, अगदी हवे तसे. त्या उघडझापीबरोबर वरून उतरणारी वीज कुठून परत जाते, ते त्यात रॉकेट सोडून मोजायच्या खटाटोपात लोरेनचं निम्मं आयुष्य गेलं होतं. या खेपेला आधी ढग, मग वारा, मग आकाश नुसतं मख्ख. आज परवानगीची शेवटची रात्र. उद्या न उडालेलं रॉकेट चौकटीवरून उतरवायचं, उन्हाळ्यात ती निवृत्त, आणि मग कोण विचारतंय!

"आजच मुहूर्त सापडला का आजारी पडायला?" ती करवादली. डेलने खांदे उडवले. पेशंटचं नाव त्यांना कोणी कळवत नसे.

ठिपके मंदावले की तिचा जीव खालीवर होई. पुन्हा उजळले की आणखीच. टळू दे ते विमान एकदाचं, कसंही करून, असं तिच्या मनात आलं. खोटं कशाला बोला, एकदा नाही, दहादा आलं.

फोन वाजला. वरच्या गावातून बर्था. तिथल्या शाळेच्या छतावरचा यांचा कॅमेरा ती सांभाळायची. शिडी चढून त्यावरचा बर्फ झाडायचा तिचा नवरा, सायलस. आकाश कसं आहे ते कळवताना बर्था टोमणा हमखास मारायची, "तुझ्या नळकांड्यापेक्षा आमची कॅरिबू हरणं बरी गं, वेळेवर निघतात तरी." आज टोमणा नव्हता.

"मावशी, आकाश?"

"साफ आहे. सगळीकडे लुकलुकतंय. विमान उतरलंय. पण आता सकाळपर्यंत इथेच राहील. मीच म्हटलं पायलटला, कॉफी घे, घाई नाही. तुमच्या लोकांना कळवतोय तो. तू सोड तुझं रॉकेट."

"घाई नाही म्हणजे?"

"सायलस गेला गं. विमानाचा आवाज यायला लागला होता, तेवढ्यात."

 लोरेनच्या मागे डेल खुर्चीतून ताडकन उठला.

"विमान थांबलं! वाट मोकळी!"

खोलीत एकच जल्लोष झाला. कोणी टेबल बडवलं, कोणी शिट्टी मारली. लोरेनने रिसीव्हर छातीशी दाबून धरला. मग हळूच कानाला लावला.

"कसला गं आवाज?" बर्थाने विचारलं.

डेल तिच्यासमोर येऊन उभा होता. तिच्या होकाराशिवाय मोजणी पुढे सरकणार नव्हती. पडद्यावर ठिपके लुकलुकत होते.

"काही नाही, मावशी. तू बोल," लोरेन म्हणाली, आणि मोकळ्या हाताचा अंगठा तिने डेलला उंच करून दाखवला.