वर चढणारे आकडे

पुलावरून जड ट्रक गेला की खांबाच्या पायाशी पाण्यावर वर्तुळे उमटतात. पूर्वी ती हातभर जाऊन विरत. अलीकडे काठच्या गवताला जाऊन टेकतात. ट्रक पूर्वीइतकेच जड आहेत आणि पाणी पूर्वीइतकेच संथ. बदलले आहे ते तिसरेच काहीतरी.

मित्रांनो, मी एक जुनी पट्टी आहे. पुलाच्या मधल्या खांबावर मला ठोकले आहे. लोखंडी पत्रा कापून, भट्टीत पांढरा मुलामा भाजून, त्यावर खालून वर चढणारे काळे आकडे काढले, आणि पाण्याची उंची सांगण्याचे काम मला मिळाले.

पूल नव्हता तेव्हा इथे उतार होता. नदी इथे उथळ, म्हणून माणसे, गुरे, गाड्या इथूनच पार होत. वरच्या अंगाला राजधानी, खालच्या अंगाला बंदर. राजधानीचा दगड आणि बंदराचे मीठ होड्यांतून जा-ये करीत. जिथे पाय टेकत तिथे वाट पडली. त्या वाटेने सैन्ये गेली, व्यापारी गेले. मग वाटेचा रस्ता झाला आणि रस्त्याचा महामार्ग. नदी आणि रस्ता यांची गाठ पडते ती माझ्या खांबापाशी.

पुराच्या दिवसांत माझा भाव वधारे. पहारेकरी दुर्बीण लावून मला वाची, आकडा फोनवरून बंदरात जाई आणि तिथली गोदामे भराभर रिकामी होत. दर वर्षी मला नवा रंग मिळे.

पण सगळे मला वरच्या दिशेनेच वाचत. महामार्ग रुंद करायला, शहरांत घरे बांधायला वाळू लागली. ती इथूनच उपसली. तळ खोल गेला, तसे पाणी माझ्या सर्वांत खालच्या आकड्याच्याही खाली उतरले. लोक म्हणाले, "नदी आटली, आता पुलाला कसली भीती!" रंग देणे थांबले. पहारेकऱ्याची दुसरीकडे बदली झाली.

पूल तपासणाऱ्या बाई मात्र येत राहिल्या. त्यांचे बालपण याच पुलाच्या टोकाला गेले. तिथे त्यांच्या थोरल्या भावाचे गॅरेज आहे, आणि त्याच्याच कमाईवर त्या शिकल्या. आज नावाडी आला नाही, म्हणून होडी भावानेच वल्हवली. खांबापाशी बाईंनी वजन बांधलेली दोरी काढली.

"काय इंजिनीयरीणबाई, कॉलेजात मासे धरायला शिकवलं वाटतं?"

"दादा, दोरी धर. तोंड कमी चालव."

"तोंडावरच तर गिऱ्हाईक टिकलंय माझं."

वजन खाली गेले. तळ लागायला हवा होता तिथे लागला नाही. दोरी ताठच राहिली. मग बाईंनी लांब बांबू पाण्यात सोडला आणि खांबाच्या दिशेने ढकलला. तो कशालाही न अडता आत गेला.

दादाचे वल्हे थांबले. "खांबाच्या खाली गेला?"

"हो. पाया उघडा पडलाय."

"आजच कळलं?"

"मागच्या खेपेलाही गेला होता."

"मग बोलली का नाहीस?"

बाईंनी वर पाहिले. पुलाच्या टोकाला गॅरेजची पाटी दिसत होती. नदीवर दुसरा, नवा पूल आहे, पण तो इथून बराच लांब. हा बंद झाला, तर त्या पाटीखाली एक चाकही थांबणार नाही.

"पुढच्या वेळी बघू म्हटलं. तुझं गॅरेज..."

"अगं, मी गाड्या दुरुस्त करतो," दादा म्हणाला. "नदीतून काढत नाही."

तेवढ्यात वरून सहलीची बस गेली. खिडकीतल्या मुलांनी होडीकडे पाहून हात हलवले. मागोमाग वर्तुळे आली आणि होडीवर आपटली. दादा ती विरेपर्यंत बघत राहिला.

मित्रांनो, मला वाचता येते, बोलता येत नाही. मला रंग द्याल तेव्हा द्या, पण कधीतरी माझ्या खालीही वाकून बघा. जे आपल्याला उचलून धरते, ते बहुधा पाण्याखाली असते.

बाईंनी फोन काढला. दादाने होडी खांबापाशी स्थिर धरली.

"दोन्ही टोकांना अडथळे लावा," त्या म्हणाल्या. "नाही, उद्या नाही. पूल आत्ता बंद करायचा."