कुलंटमध्ये पाच चमचे हळद

सकाळी सहाला गाडीखाली वाकलो. पुठ्ठा कोरडा.

उठलो. परत वाकलो. कोरडाच.

तीन आठवडे त्या पुठ्ठ्यावर रोज गुलाबी डबकं साचत होतं. इंजिन थंड ठेवणारं कुलंट गुलाबी असतं, हेही मला या गाडीनंच शिकवलं. परवा दुपारी मी टाकीत पाच चमचे हळद घातली आणि डबकं बंद झालं.

ट्रॅक्टरचं रेडिएटर गळायला लागलं की आमच्याकडे हळद टाकतात. फिरत्या पाण्याबरोबर ती चिरेपर्यंत पोचते आणि तिथेच फुगून बसते. पण ही जर्मन गाडी. बारा वर्षांची, आणि मी तिचा तिसरा मालक. श्रावण मिस्त्रीनं बोनेट उघडलं तेव्हा तो आधी नुसताच हसला होता.

"पंप गेला भाऊ. त्याचं प्लास्टिकचं घर तडकलं, पाइप फुगले. अर्धं इंजिन उघडा लागन. नागपूरवाले दोन लाख सत्तर सांगतीन."

"अन् हळद?"

"हे का ट्रॅक्टर हाय? याच्या नळ्या सुतळीएवढ्या. गळणं थांबन, पण गाडी तापन. मंग इंजिनच घेऊन बसजा."

मला इंजिनाचं पुढे काय होतं याच्याशी देणंघेणं नव्हतं. मला फक्त रविवार पार पाडायचा होता.

आज रविवार.

चंद्रभानकाका नऊला गाडी बघायला येणार. गिरडकडचे शेतकरी. बावीस वर्षांपासून हिंगणघाटच्या आमच्या कृषी केंद्रातून बियाणं नेतात. कुठल्या कंपनीचं, ते विचारत नाहीत. "धीरज देईन ते." त्यांच्या गावात बियाण्यावरून वाद झाला की म्हणतात, धीरजले पुसा. माझं दुकान पाटीवर चालत नाही, त्या दोन शब्दांवर चालतं. तानाबाईकाकूंना दर पंधरा दिवसांनी सावंगीला दवाखान्यात न्यावं लागतं, मणक्याचं दुखणं आहे, जीपमध्ये त्यांना बसवत नाही. म्हणून त्यांना ही गाडी हवी. मऊ सीटची.

काकाजी, गाडी चांगली आहे, फक्त

काकाजी, जरासं पाणी

काकाजी, घेऊ नका.

तिन्ही वाक्यं आंघोळ करताना जमली होती. चहापर्यंत एकही उरलं नाही.

"हळदीच्या डब्यावर हे तेलकट बोटं कोनाचे?" दिपालीनं डबा माझ्यासमोर आपटला. हळद तिच्या माहेरची, वायगावची. ती कोणाला वाटीभर द्यायची तरी दहादा विचार करते.

मी सांगितलं.

"अन् काकाजीले सांगतलं?"

"सांगतो ना."

"तुमी सांगतो म्हणता तवा सांगत नाई."

नऊला मोटरसायकल थांबली. काका उतरले, खांद्यावर दुपट्टा, गाडीभोवती एक फेरी. "काऊन रे, नवरदेवावानी धुतली हिले?" मागचं दार उघडून त्यांनी सीट तळव्यानं दाबली. एकदा. परत एकदा. कुठे दुखेल ते त्यांना पाठ असावं. "बसन तुही काकू," ते म्हणाले. "आरामात बसन. कागदं आन."

मी आत गेलो. कपाटात कागद सापडेनात, सापडले, बाहेर आलो. काका बोनेट खाली ढकलत होते. बोट दुपट्ट्याला पुसत होते.

"काय झालं?"

"काई नाई. धूळ."

बोनेटखालचं सगळं मी काल फडक्यानं पुसलं होतं. धूळ कुठली?

पाहिलं का त्यांनी? पाहिलं असतं तर बोलले असते. बोलले नाहीत म्हणजे पाहिलं नाही. की

"चाल," काका पुढच्या सीटवर बसत म्हणाले, "जामच्या चौरस्त्यापर्यंत जाऊ. तूच चालव."

महामार्ग. तापमानाची सुई मध्यावर. कापसाच्या गाठींचा ट्रक, मागे टाकला. सुई मध्यावर. मी काच खाली केली, वारा चांगला आहे म्हणालो.

"एसी लाव ना. तुह्या काकूले उकाडा सहन नाई होत, चालते का नाई पाहू दे."

लावला. एसीनं इंजिनावर भार येतो. सुई मध्याच्या जराशी वर. की मीच वाकून बघतोय म्हणून तशी दिसते? सरळ बसलो. वरच होती.

"धीरज, पाणी-गिणी पेते का हे?"

आत्ता. हेच. आत्ता.

"नाई काकाजी."

नाही म्हटल्यावर ते मागे घ्यायला किती वेळ असतो? एक ट्रक गेला. दुसरा गेला. पेट्रोलपंप गेला. काका बाहेरची तूर बघत होते. काहीतरी म्हणाले, यंदा शेंगा भरल्या नाहीत असं काहीसं, मी हूं म्हटलं. पायाखालचा एक्सीलेटर मी उगाच सोडत होतो, दाबत होतो.

सुई लाल रेघेला टेकली. घंटी वाजली. पडद्यावर इंग्रजीत गाडी थांबवा म्हणून आलं.

जाम चौरस्त्याच्या अलीकडे, चहाच्या टपरीशेजारी गाडी घेतली. बोनेटच्या फटीतून वाफ. काका उतरले नाहीत. मीही नाही.

"काकाजी, म्या हळद टाकली."

त्यांनी उजवा हात पुढे केला. पहिलं बोट नखापर्यंत पिवळं.

"घरीच समजलं मले. वायगावची दिसते, रंग सोडत नाई." ते हसले, आणि खरंच हसले. "म्या अन् माह्या बापानं किती ट्रॅक्टरले हळद पाजली, तुले काय सांगू."

"मंग बोलले काऊन नाई?"

"बोलाचं तर तुले होतं. जामपर्यंत वाट पाह्यली म्या. रस्त्यात पुसलंही तुले."

बाहेर टपरीवाला ओरडला, पाणी टाकू नका, झाकण उडन. कोणी टाकत नव्हतं.

"काकूले घेऊन असा मधात उभा राह्यलो असतो म्या," काका म्हणाले. आता हसत नव्हते. दार उघडून उतरले, हिंगणघाटकडे जाणाऱ्या काळीपिवळीला हात केला. त्यांची मोटरसायकल माझ्या दारात होती.

मी धावत मागे गेलो. "काकाजी, जूनमधे याल ना दुकानात?"

"येईन. जाईन कुठं? सारं गाव तुह्याचकडं येते." एक पाय काळीपिवळीत, एक रस्त्यावर. "पण बियाण्याचं पाकीट माह्यासमोर फोडजो. दाणे हातावर घेऊन पाहीन म्या."

"हो," मी म्हणालो. काळीपिवळी सुटली होती. मी परत मोठ्यानं म्हणालो, "हो काकाजी."