दळणाचा वार

"मागे कुणाचं होतं?"

गिरणीच्या पट्ट्याच्या फडफडीत रुपचंदला नीट ऐकू आलं नाही. बँकेतल्या कारकुनाच्या पत्नी प्रमिलाबाई गव्हाचा डबा हातात धरून उभ्या होत्या. रुपचंदने नेहमीचं उत्तर दिलं, "गहूच होता, ताई. बाजरी सकाळीच संपली."

गिरणीत हा प्रश्न रोजचा. एकाचं थोडं पीठ दगडात राहतं आणि ते पुढच्याच्या डब्यात उतरतं. बाजरीवर गहू दळला तर पोळी काळपट होते, उपवासाची भगर असेल तर बायका आधी दगड झाडून घ्यायला लावतात.

"कशाचं नाही विचारलं," प्रमिलाबाई म्हणाल्या. "कुणाचं, विचारलं."

रांगेतल्या दोघीतिघी एकदम आपापल्या डब्यांकडे बघू लागल्या. मागचं दळण पिंजारी गल्लीतलं होतं. रुपचंदने ते सांगितलं नाही. मूठभर गहू चाड्यात टाकून दगड फिरवून घेतले, पडलेलं पीठ बाजूला सारलं आणि मग त्यांचा डबा ओतला. प्रमिलाबाई समाधानाने हसल्या. ते हसू त्याला दिवसभर टोचत राहिलं.

मुंबईत सरकार बदलून तेव्हा महिनाही झाला नव्हता. साल पंच्याण्णव. निवडणुकीआधी चाळीसगावच्या या गिरणीत दुसरा विषयच नव्हता. पलीकडच्या आळीतली म्हातारी द्रौपदाबाई डब्यावर बसून म्हणायची, "बदलालेच जोयजे आते. नळले पानी नही, अन मत मांगाले बठ्ठा येतस." कापूस पिंजणाऱ्या घरातली हुरमतबी तिच्याच शेजारी बसलेली असायची. तीही म्हणायची, "बदलू दे माय. काही तरी बरं व्हई." रुपचंदलाही तसंच वाटलं होतं. तो भीमनगरचा. वस्तीतली गटार पिढ्यान्‌पिढ्या तशीच वाहत होती. त्यानेही बदलाच्या बाजूनेच शिक्का मारला होता. प्रत्येकाच्या मनात बदल होता, पण तो एकच नव्हता, हे निकालाच्या मिरवणुकीपर्यंत कुणाच्या ध्यानात आलं नाही. ती मिरवणूक पिंजारी गल्लीच्या तोंडाशी बराच वेळ थांबली होती. ढोल वाजत होते आणि गल्लीतली सगळी दारं बंद होती.

प्रमिलाबाईंचा प्रश्न आठवडाभरात रांगेतल्या निम्म्या बायका विचारू लागल्या. मग एका दुपारी गिरधर आला. स्टेशनाजवळ त्याचं सायकलचं दुकान होतं. मिरवणुकीत सगळ्यात पुढे नाचणारा तोच होता. आता लोक त्याला वाकून नमस्कार करत. तो आत आला, पिठाच्या कट्ट्यावर टेकला आणि फार आपुलकीने म्हणाला, "रुपचंदभाऊ, एक सोय करा. त्यांचं दळण शुक्रवारी घ्या. बाकीचे वार आपले."

"असं कसं, भाऊ? दळण घरात संपेल तेव्हा येतं. वार बघून थोडंच संपतं?"

"सवय होईल त्यांना. सगळ्यांनाच होईल." गिरधरने रुपचंदच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही आपले आहात, म्हणून स्वतः सांगायला आलो."

गिरधर गेला. गिरधरचा बाप याच गिरणीत यायचा. डबा दुरून जमिनीवर ठेवायचा, दळलेला डबा घरी नेला की आधी त्यावर पाणी शिंपडायचा. त्याच्या मुलाने आज खांद्यावर हात ठेवला होता. रुपचंदला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचीच भीती वाटली.

संध्याकाळी घरी त्याने बायकोला सांगितलं. ताईबाई भाकरी थापत होती. हात न थांबवता तिने विचारलं, "आपला म्हने? कवयपासून?"

गिरणीचे मालक बन्सीलाल शेठ. कुणाच्या अध्यातमध्यात न पडणारा माणूस. रुपचंदने त्यांच्या कानावर घातलं तेव्हा त्यांनी आधी आपल्या किराणा दुकानाच्या बाहेर बघून घेतलं.

"हवा आहे रे. चार दिवस वाहील आणि जाईल. तोवर ते म्हणतात तसं कर."

"मग पाटी लावा, शेठ. मी कुणाला तोंडाने सांगणार?"

"पाटी नको," शेठ घाईने म्हणाले. "लिहिलं की ते आपलं होतं. तू तोंडीच सांग."

रुपचंदने कुणालाच सांगितलं नाही. पण गल्लीत ते आपोआप पोहोचलं असावं, कारण पिंजाऱ्यांच्या बायका शुक्रवार सोडून एकदम दिसेनाशा झाल्या. त्याला वाटलं, सांगायचं टळलं. आणि अखाजीच्या तोंडावर, सोमवारी, गिरणी गच्च भरलेली असताना हुरमतबी आली.

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात. गल्लीत झोके बांधतात, घरोघर मांडे होतात. हुरमतबीच्या घरीही लेक यायची आणि मांडे व्हायचे, कारण ती याच मातीत वाढली होती. तिने डबा रांगेत ठेवला. तिचा नंबर आला तेव्हा आवाज खाली आणून म्हणाली, "रुपचंदभाऊ, आंडेर येल शे. मांडासना गहू शेत. दयी द्या."

समोरच्या पानटपरीवर गिरधर बसला होता. तो उठला नाही. फक्त बघत राहिला. 'शुक्रवारी या', एवढंच म्हणायचं होतं. रुपचंदने तोंड उघडलं. पण त्याच्या घरातल्या गोधड्यांचा कापूस हुरमतबीच्या नवऱ्याने पिंजला होता, आणि हुरमतबी त्याच्या तोंडाकडे बघत होती. त्याने डबा उचलला आणि चाड्यात ओतला.

तिच्या मागे द्रौपदाबाईचा नंबर होता. द्रौपदाबाई हळूच उठली. "माले उशीर व्हयी राह्यना," ती कुणाकडेच न बघता म्हणाली. "सकाय येसू." तिने डबा काखेत घेतला. या दोघी एकमेकींच्या बाळंतपणात जागलेल्या. हुरमतबीने तिला हाकही मारली नाही. मग प्रमिलाबाई उठल्या. मग आणखी एक. कुणी भांडलं नाही, कुणी वाईट शब्द बोललं नाही. डब्यांच्या कड्यांचे आवाज झाले आणि गिरणी रिकामी झाली. एकट्या हुरमतबीचं पीठ कापडी बाहीतून पडत राहिलं. डबा भरल्यावर तिने पदराने त्याची कड पुसली आणि गेली.

मग गिरधर आला. दारातच थांबला.

"आम्ही तुम्हाला आपलं म्हटलं होतं, रुपचंद," तो शांतपणे म्हणाला. 'भाऊ' गळून पडलं होतं. "म्हटलेलं परत घेता येतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ स्वतः गिरणीत आले. बरोबर त्यांच्या किराणा दुकानातला नोकर लोटन होता. शेठ रुपचंदच्या डोळ्यांत बघत नव्हते.

"आजपासून डबे लोटन घेईल. पीठही तोच काढेल. तू मागे बस. मोटर बघ, दगड झिजले की त्यांना टाकी लाव. पगार तोच राहील."

"माझं काय चुकलं, शेठ?"

"तुझं नाही रे. लोक बोलतात. म्हणतात, त्यांचं तर सोडाच, पण दळतो तरी कोण?" शेठ थांबले. "मी म्हणत नाही. लोक म्हणतात."

इतकी वर्षं त्याच्याच हातचं पीठ सगळ्या आळीने खाल्लं होतं. रुपचंद मागे जाऊन मोटरीजवळच्या पाटावर बसला. पुढे रांग पुन्हा भरली. द्रौपदाबाई आली, तिने आत डोकावलं, त्याची नजर भेटताच मान वळवली. अखाजीचं दळण जोरात चाललं. बायका हसत होत्या, लेकी कधी येणार ते एकमेकींना सांगत होत्या. पट्ट्यापाशी बसलेल्या रुपचंदला ते सगळं भिंतीपलीकडून ऐकू येत होतं.

शुक्रवारी तो कामावर गेला नाही. ताईबाईने विचारलं तर म्हणाला, "रजा." त्याने अंघोळ केली, धुतलेला सदरा घातला, घरातल्या दादर ज्वारीने डबा भरला आणि तो खांद्यावर घेऊन निघाला. ताईबाई दारापर्यंत आली. तिने अडवलं नाही.

गिरणीपुढे पिंजारी गल्लीतल्या बायका भिंतीला चिकटून उभ्या होत्या. सगळ्यात शेवटी हुरमतबी होती. रुपचंदने तिच्यामागे डबा ठेवला आणि उभा राहिला. तिने वळून पाहिलं, घाबरून पानटपरीकडे पाहिलं.

"भाऊ," ती कुजबुजली, "तुमना वार नही हाऊ."

"मनाच वार शे," रुपचंद म्हणाला.

पानटपरीवरचा गिरधर उठून उभा राहिला. त्याच्यामागे आणखी दोघे उठले. आत लोटनने हात थांबवून एकदा बाहेर बघितलं, मग पुढचा डबा घेतला. रांग एका डब्याने सरकली. रुपचंदने खाली वाकून आपला डबा उचलला आणि पुढे ठेवला.