बंधाऱ्याच्या वरचं शेत

हे वहीत लिहायचंच नाही, असं रिंगकाईने जवळजवळ ठरवलं होतं.

मशीनघरातली, ओढ्याच्या पाण्यावर वीज करणाऱ्या मशीनची वही. रोज सकाळी तीन गोष्टी लिहायच्या: पाणी किती, काटा कुठे, बिघडलं काय. सात वर्षं तो लिहितोय. आज मात्र त्याने पेन चार वेळा उघडलं, चार वेळा बंद केलं. बाहेर गेला, ओढ्यात थुंकला, परत आत आला. 'जाळी साफ केली' एवढं लिहून मोकळं व्हावं. खोटंही नाही ते.

पाइपाच्या तोंडावरची जाळी त्याने खरंच साफ केली होती. तीन दिवसांत अकरा वेळा. पावसाचा जोर वाढल्यापासून ओढ्याला काळं पाणी येत होतं, राख नि माती कालवल्यासारखं. बंधाऱ्यावरून तो गाळ पाइपात, पाइपातून टर्बाइनच्या पात्यांवर. मशीन दमेकऱ्यासारखं घरघरायला लागलं. एका छपराखाली चोवीस बिऱ्हाडं असलेल्या लांबघराच्या सगळ्या दारांतले दिवे पिवळट पडले आणि बायकांनी त्यालाच धरलं.

"रिंगकाई, हा दिवा आहे की काजवा?" म्हातारी सुलाऊ सगळ्यांदेखत ओरडली.

"तुम्ही सगळ्याजणी एकदम भाताचे विजेचे कुकर लावता, मग काय होणार?"

"कुकर? ते तूच बंद केलेस दोन वर्षांमागं! सरपण फोडून फोडून माझी कंबर गेली, नि हा कुकर म्हणतोय!"

सगळा व्हरांडा हसला. तोही हसला. पण आत काहीतरी टोचत राहिलं. राख कुठून येते, याचा अंदाज त्याला पहिल्याच दिवशी आला होता. नुसतं वर जाऊन बघायचं धाडस होत नव्हतं. काल दुपारी शेवटी गेला.

बंधाऱ्याच्या वरचा उतार जाळून साफ केलेला. काळ्या बुंध्यांमधून भाताचे कोंब वर आलेले, वीतभर. खोपीत न्यांबार पाय पसरून बसला होता. लहानपणापासूनचा दोस्त.

"ये. चहा टाकू?"

"हे काय केलंस?"

"शेत."

"तुझी जागा पलीकडच्या डोंगरावर ठरली होती."

"होती ना. पहिला घाव घालायला कोयता उचलला आणि पक्षी बोलला. उलट्या बाजूनं, अपशकुनाच्या. तू घातला असतास घाव?"

रिंगकाईनेही घातला नसता. त्याच्या बापाने अर्धं तोडलेलं रान अशाच एका हाकेवर सोडलं होतं. त्या वर्षी घरात सगळ्यांनी कंद खाऊन दिवस काढले.

"मग सभेत सांगायचं. दुसरी जागा दिली असती."

"सभा कधी, पेरणी कधी! घरात आठ तोंडं आहेत गड्या. आणि इथं तोडबंदीची हद्द कुठाय, दाखव मला. झाडांवर लाल पट्टे कुठायत? दरवर्षी रंगवायचं काम कुणाचं?"

हे वर्मी लागलं. दोन वर्षं त्याने पट्टे रंगवले नव्हते. जुने पावसाने धुऊन गेले. आणि लांबघराने दिलेला लाल रंगाचा डबा? त्याच्या होडीच्या कडेला लागला होता. छान दिसायची होडी.

"काय लिहिणार वहीत?" न्यांबारने विचारलं.

"माहीत नाही."

"नको लिहूस रे. पाऊस थांबला की गाळही थांबेल."

"डोंगर उघडा आहे तोवर नाही थांबणार. पाती झिजतायत. वर्षभरात मशीन जाईल."

नियम दोघांनाही पाठ होता. बंधाऱ्याच्या वर जो झाड तोडेल, त्याच्या दाराची विजेची तार काढायची. तोडलेल्या जागी लावलेलं रान माणसाच्या उंचीचं होईपर्यंत. म्हणजे दोन वर्षं, कदाचित तीन. न्यांबारची बायको एंपालिंग दिवसभर शेतात असते. विणायला बसते ती दिवे लागल्यावर. तिने विणायला घेतलेली चादर अजून अर्धीच होती.

रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर. आणि आता ही वही.

पाचव्यांदा पेन उघडलं तेव्हा त्याने भराभर लिहिलं, पुन्हा वाचायला नको म्हणून. 'बंधाऱ्याच्या वर न्यांबारने रान तोडलं. हद्दीचे पट्टे रिंगकाईने रंगवले नव्हते.'

वही घेऊन तो थेट मुखियाकडे गेला. म्हातारबुवांनी ती लांब धरून वाचली आणि व्हरांड्यात सगळ्यांना बोलावलं.

"पट्टे रंगवले नाहीस?"

"नाही, आजोबा."

"रंगाचं काय केलंस?"

मागून सुलाऊ म्हणाली, "घाटावर जाऊन होडी बघा ना त्याची! नवरीसारखी नटलीय!"

कुणी हसलं नाही.

निकाल लागायला वेळ लागला नाही. भात पेरलाय, त्यात जीव आहे, तो उपटायचा नाही. कापणी होऊ द्यायची. नंतर तिथे रान लावायचं. आणि तार काढायची, दोघांच्याही दाराची.

तार काढणार कोण? ते काम येणारा लांबघरात एकच होता.

न्यांबारने शिडी धरली. रिंगकाईने आधी स्वतःची तार सोडवली. मग शिडी सहा दारं पुढे सरकवली. एंपालिंग दारात उभी होती, हातात सुताचा गुंडा. तिने वर पाहिलं नाही. गुंडा उगाचच गुंडाळत राहिली. पक्कड तीन वेळा घसरली.

"सावकाश," खालून न्यांबार म्हणाला. "पडलास तर तेही माझ्याच नावावर लिहिशील."

तार सुटली. तो उतरला.

"एक सांग," न्यांबार हळू आवाजात म्हणाला, "तुझं नाव कशाला घातलंस मूर्खा? एका घरी तरी दिवा राहिला असता. एंपालिंग येऊन बसली असती तुझ्याकडे विणायला."

हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"कापणी झाली की रोपं लावायची," रिंगकाई म्हणाला. "जंगलातून मी काढून आणतो. ओझं माझं, खड्डे तुझे."

"तू? दोन वर्षं साधा ब्रश हातात धरला नाहीस."

"माहितेय. तरी येतो. सगळा उतार भरेपर्यंत, रोज. ताप असला तरी, तू शिव्या घातल्यास तरी. शब्द देतो तुला, न्यांबार."